महानगराच्या वेशीबाहेरची पाऊलवाट

(उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला निघालेले विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



परदेशी शिक्षणासाठी निघालेल्या मुलाची वा मुलीची बॅग भरणे हा आज मध्यमवर्गीय मराठी घरातला एक नवा संस्कारच होऊन बसला आहे. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, छोटा कुकर, लोकरीचे कपडे, ताप-सर्दीची औषधे, बँकेची कागदपत्रे, देव्हाऱ्यातल्या देवाची छोटी तसबीर. यादी संपता संपत नाही आणि वजनाचा काटा पुढे सरकत राहतो. या यादीत चालण्याच्या भक्कम बुटांचा एक जोड आणि एक नकाशा मात्र क्वचितच असतो. आजचे विवेचन या दोन वस्तूंविषयी आणि त्यांच्यामुळे उघडणाऱ्या एका मोठ्या दालनाविषयी आहे.

चालण्याचे महत्त्व आपल्या परंपरेला कोणी शिकवावे असे नाही. ऐतरेय ब्राह्मणात वनातून घरी परतू पाहणाऱ्या रोहिताला इंद्र पुन:पुन्हा चालत राहण्याचाच उपदेश करतो. पंढरीची वारी ही पायी चालणाऱ्यांची आहे. गोनीदांनी आयुष्यभर सह्याद्री पायाखाली घातला. तरीही याच समाजातली मुले लंडनला गेली की दोन-दोन वर्षे त्या महानगराच्या बाहेर पाऊल टाकत नाहीत, हा विरोधाभास विचार करण्याजोगा आहे.

खोली, ग्रंथालय आणि नोकरी

लंडनमध्ये शिकणाऱ्या सर्वसाधारण भारतीय विद्यार्थ्याचा दिनक्रम पाहावा. शहराच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला चार-पाच जणांनी मिळून भाड्याने घेतलेले घर, तेथून विद्यापीठ, विद्यापीठातून ग्रंथालय, आणि व्हिसाच्या नियमानुसार सत्र चालू असताना आठवड्याला कमाल वीस तासांचे अर्धवेळ काम. रविवार उजाडला की कपडे धुणे, आठवड्याचा स्वयंपाक करून ठेवणे आणि घरी व्हिडिओवर बोलणे. कर्जाचे हप्ते डोक्यावर असतात. हिवाळ्यात दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो आणि मग त्या छोट्या खोलीत एक विलक्षण एकटेपणा दाटून येतो. तो घरी सांगितला जात नाही, कारण आई-वडिलांना काळजी वाटेल. इकडे आई-वडीलही विचारत नाहीत, कारण मुलाला वाईट वाटेल.

हा एकटेपणा घालवण्यासाठी जे केले जाते ते बहुधा महागडे असते. युरोपातल्या सात शहरांची पाच दिवसांत धावती सहल किंवा खरेदीच्या बाजारात घालवलेली दुपार यातून छायाचित्रे पुष्कळ मिळतात, परंतु मनाला निवांतपणा लाभत नाही. वस्तुतः तो निवांतपणा लंडनपासून तासाभराच्या अंतरावर, जवळजवळ विनामूल्य उपलब्ध आहे. या देशात तो रेल्वेच्या तिकिटाइतका सुलभ आहे, हे अनेकांना शिक्षण संपेपर्यंत कळतच नाही.

भुयारी रेल्वे खेड्यापर्यंत जाते

लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. या नकाशाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात जांभळ्या रंगाची मेट्रोपोलिटन रेषा आहे. तिच्या टोकाला चेशम आणि ॲमरशम ही दोन स्थानके आहेत. चेशम हे मध्य लंडनपासून सर्वांत दूरचे स्थानक. चॅरिंग क्रॉसपासून सुमारे चाळीस किलोमीटर. रोज महाविद्यालयात जाताना जे कार्ड फाटकाला टेकवायचे, तेच कार्ड टेकवून माणूस चिल्टर्न टेकड्यांच्या पायथ्याशी उतरतो.

चेशमहून चेस नावाच्या छोट्या नदीच्या काठाने रिकमन्सवर्थपर्यंत सुमारे सोळा किलोमीटरची खुणा केलेली पाऊलवाट आहे. दोन्ही टोकांना मेट्रोपोलिटन रेषेचीच स्थानके असल्यामुळे परतीची चिंता नाही. ही नदी खडूच्या खडकातून झिरपून आलेल्या पाण्याची आहे. असे स्वच्छ, वर्षभर जवळजवळ एकसारख्या तापमानाचे ओढे जगात मोजकेच आहेत आणि त्यांतले बहुतांश इंग्लंडमध्ये आहेत. टेकड्यांवर बीच वृक्षांची जंगले आहेत. याच लाकडापासून हाय विकम परिसरातले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या खुर्च्यांचे पाय घडवत असत. एप्रिलच्या अखेरीस, झाडांना पुरती पाने फुटण्यापूर्वी, या जंगलांची जमीन ब्लूबेल नावाच्या निळ्या फुलांनी झाकून जाते. आपल्या कासच्या पठाराप्रमाणेच हा सोहळा काही आठवड्यांचाच असतो.

या टेकड्यांवर मान वर केली की घारी दिसतात. दुभंगलेल्या शेपटीची ही लाल घार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधून पूर्णपणे नाहीशी झाली होती. शिकार आणि विषप्रयोग ही त्याची कारणे. १९८९ ते १९९४ या काळात स्पेनमधून आणलेली सुमारे नव्वद पिल्ले चिल्टर्नमध्ये सोडण्यात आली. आज त्या परिसरात घारींच्या शेकडो जोड्या आहेत. हरवलेली गोष्ट निश्चयपूर्वक परत आणता येते, याचे हे आकाशात फिरणारे उदाहरण आहे.

पूर्वेकडे सेंट्रल रेषेने गेले की लाउटन किंवा थेडन बॉइस येथे उतरून एपिंगच्या अरण्यात प्रवेश करता येतो. दक्षिणेला डॉर्किंगजवळ बॉक्स हिल ही २२४ मीटर उंचीची टेकडी आहे. तिच्या पायथ्याशी मोल नदी ओलांडण्यासाठी पाण्यात दगड मांडलेले आहेत. त्याच भागात २९४ मीटर उंचीची लीथ हिल आणि तिच्या माथ्यावर अठराव्या शतकातला बुरूज आहे. राजगड-तोरणा चढलेल्या मराठी मुलांना या उंचीचे हसू येईल. तथापि तिथे उंचीचे अप्रूप नाहीच. अप्रूप आहे ते वाटेचे.

वहिवाटीचा हक्क

इंग्लंडच्या ग्रामीण भागात पहिल्यांदा चालणारा भारतीय विद्यार्थी एका जागी हमखास अडखळतो. वाट एका फाटकाशी येते, पलीकडे कोणाच्या तरी मालकीचे गव्हाचे शेत असते, आणि फाटकाच्या खांबावर एक छोटा पिवळा बाण असतो. हा बाण सांगतो की या शेतातून पायी जाण्याचा हक्क सर्वांना आहे. शेतकऱ्याची परवानगी घ्यावी लागत नाही, नाव-गाव सांगावे लागत नाही, पारपत्र दाखवावे लागत नाही. काल विमानातून उतरलेल्या परदेशी विद्यार्थ्याला तो हक्क तिथल्या सरदार-उमरावाइतकाच आहे. निळा बाण असेल तर त्या वाटेवरून घोडेस्वार आणि सायकलस्वारही जाऊ शकतात.

इंग्लंड व वेल्समध्ये अशा नोंदलेल्या सार्वजनिक वाटांची एकूण लांबी सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर आहे. पूर्वी लोक याच वाटांनी चर्चला, गिरणीवर, बाजाराला आणि शेजारच्या गावी जात. त्यामागचे कायद्याचे तत्त्व जुने आहे: एकदा जी वाट सार्वजनिक झाली ती कायम सार्वजनिकच राहते, नुसती वापरात नसल्याने ती नष्ट होत नाही. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक परगण्याच्या प्रशासनावर अशा वाटांचा अधिकृत नकाशा तयार करण्याची जबाबदारी टाकली. १९८० च्या महामार्ग कायद्यानुसार लोकांनी सलग वीस वर्षे एखादी वाट उघडपणे आणि अडथळ्याविना वापरली असेल तर ती सार्वजनिक वाट म्हणून मान्य होऊ शकते. शेतातून आडवी जाणारी वाट नांगरताना मोडली तर पहिल्या नांगरटीनंतर चौदा दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून देणे शेतकऱ्याला बंधनकारक आहे.

आपल्याकडे ‘वहिवाट’ हा शब्द प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यातही वीस वर्षांच्या अखंड वापराचे तत्त्व आहेच. फरक इतकाच की, आपल्याकडे हा हक्क मुख्यतः एका मिळकतीच्या मालकाला शेजारच्या मिळकतीवरून मिळतो आणि बहुधा भांडणाच्या निमित्तानेच आठवतो. इंग्लंडमधली पाऊलवाट कोणाही वाटसरूची आहे आणि ती नकाशावर छापलेली आहे.

तो नकाशा म्हणजे ऑर्डनन्स सर्व्हेचा नारिंगी मुखपृष्ठाचा नकाशा. त्यात जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर चार सेंटिमीटरचा होतो. प्रत्येक शेताचे कुंपण, विहीर, चर्च आणि हिरव्या तुटक रेषेने प्रत्येक पाऊलवाट दाखवलेली असते. या मोजणीचा उगम १७८४ साली हाउन्स्लोच्या माळावर विल्यम रॉय याने मोजलेल्या सुमारे आठ किलोमीटरच्या पायारेषेत आहे. तिचे एक टोक आजच्या हीथ्रो विमानतळालगत आहे. आपला विद्यार्थी विमानातून उतरतो तोच मुळी या नकाशाच्या जन्मभूमीवर.

दान नव्हे, झगडा

हे सारे वाचून इंग्रज समाज मुळातच उदार असावा असा समज होण्याचा संभव आहे. इतिहास तसे सांगत नाही. सतराव्या शतकाच्या आरंभापासून १९१४ पर्यंत ब्रिटिश संसदेने पाच हजारांहून अधिक कायदे करून गावाच्या सामाईक जमिनींना कुंपणे घातली. इंग्लंडच्या एकूण भूमीपैकी सुमारे एक पंचमांश जमीन अशा प्रकारे सामाईक वापरातून खासगी मालकीत गेली. ज्यांची गुरे त्या गायरानांवर चरत होती, ज्यांच्या चुली तिथल्या जळणावर पेटत होत्या, ती माणसे शहरांच्या कारखान्यांकडे लोटली गेली. म्हणजेच साम्राज्याने बाहेर जे केले त्याची तालीम घरातही झालेली होती.

या लोंढ्याला अडवणाऱ्यांत पहिली नावे सामान्य माणसांची आहेत. एपिंगच्या अरण्यातल्या लाउटन गावच्या लोकांना हिवाळ्यात झाडांच्या फांद्या छाटून सरपण नेण्याचा परंपरागत हक्क होता. १८६० च्या दशकात जमीनदाराने अरण्याला कुंपण घातले, तेव्हा टॉमस विलिंगेल या मजुराने तो हक्क सोडण्यास नकार दिला. त्याच्या घरातल्या तरुणांना तुरुंगात जावे लागले. १८६५ साली सामाईक जमिनींच्या रक्षणासाठी स्थापन झालेली संस्था त्याच्या पाठीशी उभी राहिली. १८७४ मध्ये न्यायालयाने ती कुंपणे बेकायदा ठरवली आणि १८७८ च्या कायद्याने सुमारे चोवीसशे हेक्टरांचे ते अरण्य लोकांसाठी कायमचे राखले गेले. त्याचा सांभाळ आजही लंडनची नगरसंस्था करते. एका लाकूडतोड्याच्या हट्टामुळे महानगराच्या दाराशी एक अरण्य वाचले.

पुढे १८९५ साली ऑक्टाव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि कॅनन रॉन्सली या तिघांनी नॅशनल ट्रस्टची स्थापना केली. ऑक्टाव्हिया हिल या लंडनमधल्या गरीब वस्त्यांत घरांचे काम करणाऱ्या बाई. चार भिंतींत कोंडलेल्या श्रमिकाला घराइतकीच मोकळ्या आकाशाचीही गरज आहे, ही त्यांची धारणा होती. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर परिसरातल्या शेकडो तरुण कामगारांनी किंडर स्काउट या शिकारीसाठी राखलेल्या डोंगरावर उघडपणे चढाई केली. त्यांचा वीस वर्षांचा नेता बेनी रॉथमन याच्यासह पाच जणांना कारावास झाला. परंतु लोकमत जागे झाले ते झालेच. १९४९ चा राष्ट्रीय उद्यान कायदा, १९५१ साली त्याच पीक डिस्ट्रिक्टमध्ये झालेले पहिले राष्ट्रीय उद्यान आणि २००० च्या कायद्याने डोंगर, माळ व नोंदलेल्या सामाईक जमिनींवर मिळालेला मुक्त संचाराचा हक्क ही या प्रवासातली पुढची स्थानके होत.

हा झगडा संपलेला नाही. जुन्या वाटांच्या नोंदी करण्यासाठी २००० च्या कायद्याने अंतिम मुदत घातली होती. ती पुढे २०३१ पर्यंत नेण्यात आली. ग्रामीण भागातले हजारो स्वयंसेवक जुने दप्तर, चर्चचे नकाशे, कराच्या वह्या धुंडाळून विस्मृतीत गेलेल्या वाटांचे पुरावे गोळा करत होते. डिसेंबर २०२४ मध्ये ही मुदत रद्द करण्याचा निर्णय तिथल्या सरकारने जाहीर केला. नागरिकांच्या चिकाटीला शासन कसे वळते, याचा हा ताजा धडा आहे.

शहराला घातलेली हिरवी मेखला

लंडन सोडल्यानंतर अर्ध्या तासातच शेते का दिसू लागतात, याचेही उत्तर योजनेत आहे. १९३८ साली लंडनभोवतीच्या मोकळ्या जमिनी राखण्यासाठी कायदा झाला. महायुद्ध चालू असतानाच, १९४४ मध्ये, पॅट्रिक ॲबरक्रॉम्बी यांनी बृहद् लंडनचा आराखडा मांडला. बॉम्बवर्षावाने उद्ध्वस्त होत असलेल्या शहराने त्याच वेळी आपल्या नातवंडांच्या मोकळ्या हवेचा विचार केला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १९४७ च्या नगररचना कायद्याने आणि १९५५ च्या शासकीय धोरणाने या हरित पट्ट्याला बळकटी आली. आज लंडनभोवतीचा हा पट्टा सुमारे पाच हजार चौरस किलोमीटरांचा, म्हणजे खुद्द लंडनच्या तिपटीहून मोठा आहे.

त्याची किंमतही मोजावी लागते. बांधकामाला जागा कमी म्हणून घरे महाग, घरे महाग म्हणून विद्यार्थ्याच्या खोलीचे भाडे जड, असा आरोप तिथले टीकाकार करतात आणि तो निराधार नाही. पट्ट्यातल्या निकृष्ट जमिनींवर बांधकामाला वाट देणारे नवे धोरण डिसेंबर २०२४ मध्ये आले, ते याच दबावातून. म्हणजे जो विद्यार्थी भाड्याच्या रूपाने या हिरवळीची किंमत भरतोच आहे, त्याने निदान तिचा लाभ तरी घ्यावा!

काशीनरेशांची विहीर

या वाटांवर चालताना भारत अवचित भेटतो. चिल्टर्न टेकड्यांत, हेन्ली गावाच्या पश्चिमेला, स्टोक रो नावाचे लहानसे खेडे आहे. तिथे रस्त्याच्या कडेला खांबांवर तोललेला घुमट आणि त्याखाली सोनेरी हत्ती असे चमत्कारिक दृश्य दिसते. ही आहे महाराजांची विहीर. महाराज म्हणजे काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह.

या टेकड्यांचा खडक खडूचा. पाऊस पडला की पाणी खोल मुरून जाते. एकोणिसाव्या शतकात इथली गरीब माणसे डबक्यांतले गढूळ पाणी पीत. याच परिसरातले एडवर्ड रीड हे भारतात अधिकारी होते. आपल्या गावाकडे उन्हाळ्यात पाण्याचे किती हाल होतात आणि घरातले शेवटचे पाणी प्यायला म्हणून एका पोराने कसा मार खाल्ला, हे त्यांनी महाराजांना सांगितले होते. महाराजांनी ते मनात ठेवले आणि स्वखर्चाने तिथे विहीर बांधून दिली. चार फूट व्यासाची आणि ३६८ फूट खोल अशी ही विहीर हातांनी खणण्यात आली. १८६४ साली ती खुली झाली. गावकऱ्यांना पाणी विनामूल्य होते. विहिरीच्या देखभालीचा खर्च निघावा म्हणून शेजारी चेरीची बागही लावण्यात आली. पुढे १९६४ च्या शताब्दी सोहळ्यात गंगाजल आणून या विहिरीच्या पाण्यात मिसळण्यात आले.

विहीर बांधणे, पाणपोई घालणे याला आपल्याकडे पूर्तकर्म म्हणतात. तहानलेला कोण, कुठल्या देशीचा, राज्य करणारा की राज्य गमावलेला, याचा हिशेब या कर्मात नसतो. ज्या देशात आपण याचक म्हणून, शिष्यवृत्ती आणि कर्ज घेऊन जातो, त्या देशाच्या एका खेड्याची तहान काशीच्या दानाने भागली होती, हे स्टोक रोच्या त्या घुमटाखाली उभे राहिल्यावर जसे उमगते तसे कोणत्याही पुस्तकाने उमगणार नाही. आणि लंडनच्या कोणत्याही प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत ही विहीर सहसा नसते.

ब्रायटनची छत्री

दक्षिणेला ब्रायटन हे समुद्रकाठचे शहर लंडनहून रेल्वेने तासाभराच्या अंतरावर आहे. मराठी माणसाला ते ठाऊक आहे ते स्वातंत्र्यवीर सावरकरांमुळे. लंडनमध्ये कायद्याचे शिक्षण घेत असलेल्या सावरकरांना १९०९ साली ‘सागरास’ ही कविता सुचली ती याच किनाऱ्यावर. अनेक विद्यार्थी किनाऱ्यावर जाऊन सागराला नमस्कार करून परततात. शहराच्या पाठीमागच्या डाउन्स टेकड्यांवर मात्र फारच थोडे जातात.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या रणांगणावर जखमी झालेल्या हजारो भारतीय सैनिकांवर ब्रायटनमध्ये उपचार झाले. तिथला राजप्रासादच रुग्णालय झाला होता. निरनिराळ्या धर्मांच्या व जातींच्या जवानांसाठी वेगवेगळी स्वयंपाकघरे होती. जे वाचले नाहीत त्यांपैकी ५३ हिंदू व शीख जवानांवर पॅचमच्या वरच्या टेकडीवर विधिपूर्वक अग्निसंस्कार करण्यात आले. मुस्लिम जवानांचे दफन वोकिंग येथे झाले. त्या दहनभूमीवर संगमरवरी छत्री उभारण्यात आली आणि १ फेब्रुवारी १९२१ रोजी तिचे अनावरण झाले. तिचा आराखडा ई. सी. हेन्रिक्स या मुंबईच्या तरुण वास्तुविशारदाने केला होता.

या छत्रीपर्यंत गाडीरस्ता जात नाही. मेंढ्या चरणाऱ्या कुरणांतून, वारा अंगावर घेत, पायीच जावे लागते. समोर दूरवर समुद्राची रेघ दिसते. गढवाल-पंजाबच्या मातीतली माणसे, ज्यांना आपण कोणासाठी लढत आहोत हेही पुरते ठाऊक नव्हते, त्यांच्या चितेची जागा आज इंग्लंडमधल्या सर्वांत शांत जागांपैकी एक आहे. २०१० साली तिथे त्या ५३ जणांची नावे कोरलेली शिळाही बसवण्यात आली. दर जूनमध्ये तिथे श्रद्धांजलीचा कार्यक्रम होतो. परदेशी शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याने आयुष्यात एकदा तरी या वाटेने चालावे, असे कोणाला वाटले तर ते वावगे नाही.

पालकांच्या शंका

पालकांच्या मनात काही रास्त शंका असतात. पहिली पैशाची. विद्यार्थ्यांसाठी रेल्वेचे सवलत-कार्ड मिळते आणि त्यावर बहुतेक तिकिटांत एक तृतीयांश सूट असते. पाऊलवाटेला प्रवेशशुल्क नाही. ऑर्डनन्स सर्व्हेचे नकाशे सार्वजनिक ग्रंथालयांतही पाहायला मिळतात. डब्यात पोळी-भाजी किंवा थालीपीठ असले की खर्च जवळजवळ संपतोच. गांधीजी विद्यार्थिदशेत लंडनमध्ये गाडीभाडे वाचवण्यासाठी दररोज आठ-दहा मैल चालत आणि त्या चालण्यामुळेच आपली प्रकृती निरोगी राहिली, असे त्यांनी नमूद केले आहे.

दुसरी शंका सुरक्षिततेची. एकट्याने जाण्याऐवजी दोघा-तिघांनी जावे. बहुतेक विद्यापीठांत पायी भ्रमणाचे मंडळ असते. त्यात नाव नोंदवले की सोबतही मिळते आणि भारतीय वर्तुळाबाहेरचे स्नेहीही जोडले जातात. कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजता परतणार हे घरातल्या सहनिवाशाला सांगून ठेवावे. हिवाळ्यात दुपारी तीनला परतीला लागावे. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो. वरून पाणी आणि खाली चिखल हे गृहीत धरूनच कपडे घालावेत. फोनवर विसंबून राहू नये. दऱ्यांमध्ये संपर्क तुटतो. आणीबाणीसाठी ९९९ हा क्रमांक लक्षात ठेवावा. उघडलेले फाटक मागे लावून घ्यावे. वासरांसह असलेल्या गाईंच्या कळपातून जाऊ नये; गोमातेविषयीचा आपला आदर त्या परदेशी गाईला ठाऊक नसतो! गवतातून चालून आल्यावर अंगावर गोचीड नाही ना, हे तपासावे.

तिसरी शंका आहाराची आणि संस्कारांची. गावातला पब म्हणजे केवळ मद्यपानाचा अड्डा नव्हे. तो त्या गावचा चावडी-पार असतो. तिथे चहा मागता येतो, शाकाहारी सूप मिळते आणि काहीही न पिणाऱ्याकडे कोणी वाकड्या नजरेने पाहत नाही. दुपारच्या वेळी तिथे बसलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला वाट विचारावी; तो अर्धा तास बोलतो. लंडनच्या रेल्वेत वर्षभर शेजारी बसूनही जो इंग्रज एक शब्द बोलत नाही, तो पाऊलवाटेवर समोरून येताना आपण होऊन सुप्रभात म्हणतो.

परतताना काय आणावे

शिक्षण संपवून मुले परत येतात तेव्हा पदवी आणतात, थोडी बचत आणतात, भाषेचे वळण आणतात. या शिदोरीत आणखी एक गोष्ट यावी. मोकळी जमीन ही रिकामी जमीन नसते, ही दृष्टी यावी.

आपल्यापाशी काय नाही? मुंबईसारख्या महानगराच्या कुशीत सुमारे शंभर चौरस किलोमीटरांचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्यात कान्हेरीची लेणी आहेत. पुण्याला टेकड्यांची मेखला निसर्गानेच दिली आहे. गावोगावी देवराया आहेत, पाणंद रस्ते आहेत, गायराने आहेत. देवराईत कुऱ्हाड चालवू नये हा नियम कोणत्याही संसदेने केला नव्हता. तो श्रद्धेने पाळला गेला. परंतु श्रद्धा क्षीण झाली आणि तिची जागा कायद्याने व जागरूकतेने भरून काढली नाही, तर पाणंद शेतात जाते, गायरानावर पत्र्याचे कुंपण पडते आणि टेकडीला खालून पोखरून वर इमारत उभी राहते. असे होते तेव्हा तक्रार करणारे पुष्कळ असतात. गावनकाशा काढून, वहिवाटीचा पुरावा गोळा करून, वर्षानुवर्षे पाठपुरावा करणारे थोडे असतात. लाउटनचा टॉमस विलिंगेल शिकलेला नव्हता. आपली मुले तर उत्तम शिकलेली आहेत.

इंग्लंडने आपल्याकडून पुष्कळ नेले, त्याचा हिशेब इतिहासात आहे. तिथल्या सामान्य माणसांनी आपल्याच सत्ताधाऱ्यांशी झगडून जी गोष्ट मिळवली, ती शिकून घेण्यात मात्र कोणताही कमीपणा नाही. चांगले जिथून मिळेल तिथून घ्यावे, ही आपलीच रीत आहे.

म्हणून पालकांना विनंती अशी की, मुलांच्या बॅगेतली मेतकुटाची एक पुडी कमी झाली तरी चालेल, पण चालण्याच्या बुटांना जागा ठेवावी. रविवारी फोन केल्यावर अभ्यास कसा चालला आहे, पैसे पुरतात का, हे अवश्य विचारावे. आणि त्यानंतर या आठवड्यात कुठे चालून आलास, कुठे जाऊन आलीस, हेही विचारावे. ज्या मुलाकडे या प्रश्नाचे उत्तर असेल, त्याची काळजी पुष्कळशी कमी करता येईल.